झिराडकर गार्डांची चित्रपटमाला

निवृत्त माणसाने एक तर बागेत रमावं, नाहीतर बायकोशी भांडत बसावं, म्हणजे दिवस बरे जातात. इझिकेल सायमन झिराडकर यांना दोन्ही वाटा बंद होत्या. दौंडच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यावर बाग टिकत नव्हती, आणि बायको मागच्या श्रावणात वारली होती. म्हणून सत्त्याण्णव सालच्या जून महिन्यात त्यांनी गावाला चित्रपट दाखवायचं ठरवलं.

झिराडकर रेल्वेत एकतीस वर्षं गार्ड होते. सगळं दौंड त्यांना गार्डसाहेब म्हणे आणि त्यांच्या बायकोला गार्डीणकाकू. धर्माने ते यहुदी. त्यांच्या तरुणपणी दौंडात चौदा यहुदी घरं होती, सगळी रेल्वेतली, घरात मराठी बोलणारी, कोकणातल्या गावांची आडनावं लावणारी. त्या चौदा घरांनी लाईनीपलीकडे एक छोटं कौलारू प्रार्थनालय बांधलं होतं. पुढे कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्रायलला, कुणी देवाघरी. झिराडकरांची एकुलती मुलगीही लग्न होऊन इस्रायलला गेली. प्रार्थनालयाची किल्ली तेवढी गार्डसाहेबांच्या घरातल्या खुंटीवर राहिली.

आता अडचण अशी होती. यहुद्यांत गेलेल्या माणसासाठी कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतात, आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. वयात आलेले दहा यहुदी पुरुष हजर लागतात. नऊ असले तर चालत नाही, त्यात तडजोड नाही. काकूंना पुण्याच्या कबरस्तानात नेलं तेव्हा तिथे दहा माणसं मिळाली. पण जाण्याआधी आठ दिवस काकूंनी नवऱ्याला बजावलं होतं, "माझ्या वर्षाची प्रार्थना इथं दौंडातच करा. पुण्यात मला कोण ओळखतं?" यहुदी पंचांगाप्रमाणे वर्षाची तिथी अठरा सप्टेंबरला येत होती. आणि दौंडात यहुदी पुरुष होता एक, तोही स्वतः झिराडकर.

बाकीचे नऊ कुठे तरी असणारच. शिरूर, यवत, कारखाने, रेल्वेच्या बदल्या, यांत एखाददुसरा अडकलेला असतोच. पण राजपूरकर, नवगावकर अशा आडनावांवरून ओळखायचं कसं? दारोदार फिरून विचारावं, तर गार्डसाहेबांचा स्वभाव आडवा येई. त्यांनी आयुष्यात कुणाकडे आगपेटी मागितली नव्हती, माणसं कुठली मागतात. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. प्रार्थनालयात यहुदी विषयांवरचे तीन चित्रपट दाखवायचे, तिसरा नेमका अठरा सप्टेंबरला. गावोगावी जाहिरात गेली की यहुदी माणसं आपण होऊन येतील, आणि मग सहज बोलता बोलता म्हणायचं की अनायासे जमलोच आहोत तर एक प्रार्थना उरकून घेऊ. कुणाचे उपकार नकोत.

पहिलं विघ्न परवानगीचं. सरकारी कचेरीतल्या कारकुनाने फॉर्मवर संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघांच्या सह्या मागितल्या. गार्डसाहेबांनी तिन्ही सह्या तिथेच केल्या.

"सह्या सारख्या दिसतात," कारकून म्हणाला.

"माणूस सारखाच आहे," गार्डसाहेब म्हणाले.

कारकुनाने तीनदा फॉर्म उलटा-सुलटा केला आणि बैठकीचा ठराव आणायला सांगितला, सूचक आणि अनुमोदकाच्या नावांसह. गार्डसाहेब घरी आले. टेबलाशी बसून त्यांनी रीतसर सभा भरवली, अध्यक्ष म्हणून स्वतःचं स्वागत केलं, ठराव मांडला, त्याला अनुमोदन दिलं आणि खाली लिहिलं, 'ठराव एकमताने मंजूर.' 'एकमताने' हा शब्द वाचून कारकुनाचं समाधान झालं. आमच्या कॉलनीत तरी असं कधी होत नाही, असं म्हणून त्याने शिक्का मारला.

दुसरं विघ्न म्हणजे शेजारी. सोपानराव हे रेल्वेतले निवृत्त पॉइंट्समन आणि बुद्धविहाराच्या समितीचे सेक्रेटरी. त्यांनी विहारातल्या सतरंज्या कबूल केल्या आणि त्यांच्याबरोबर सल्लेही पाठवले. पलीकडची अनसाबाई भाजी विकायची. तिचं म्हणणं, पिच्चरमध्ये एक तरी बाळंतपण पाहिजे, त्याशिवाय बाया येत नाहीत. व्हिडिओ सेंटरवाला मच्छिंद्र टीव्ही आणि व्हीसीआर द्यायला तयार झाला, पण रविवारी त्याचं सामान लग्नात आणि सत्यनारायणात गुंतलेलं. "शनवारी घ्या, गार्डसाहेब," तो म्हणाला, "शनवारचं कोण इचारत न्हाई."

शनिवार म्हणजे यहुद्यांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत काम करायचं नाही, दिवासुद्धा लावायचा नाही. पण गार्डसाहेबांनी रेल्वेचं टाइमटेबल करावं तसा हिशेब केला. सूर्यास्त सात दहा, तारे सात चाळीस. जाहिरातीत सातची वेळ टाकायची, म्हणजे आपली माणसं पावणेआठला येतील. मच्छिंद्रने जाहिराती स्वतःच्या अकलेने छापून आणल्या. त्यांत दावीद राजाचा पवित्र इतिहास असा उतरला होता: 'एकटा मेंढका विरुद्ध राक्षस गल्याथ. संपूर्ण कौटुंबिक. मारामारी भरपूर.' त्या शिरूरच्या एसटी स्टँडपासून यवतच्या धाब्यांपर्यंत चिकटल्यावर गार्डसाहेब दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

एकोणीस जुलैला माणसं सहा वाजताच येऊन बसली. मारामारी भरपूर असल्यावर कोण उशिरा येतो? सात वाजले, सव्वासात झाले. आत ऐंशी माणसं, टीव्ही काळा, आणि गार्डसाहेब कोट घालून दारात उभे. वर आषाढाचं आभाळ गच्च भरलेलं.

"बटन दाबा की," मच्छिंद्र म्हणाला.

"तीन तारे दिसल्याशिवाय दाबता येत नाही."

"मग मी दाबतो."

"माझ्यासाठी तुम्ही दाबायचं, म्हणजे मीच दाबल्यासारखं झालं."

मच्छिंद्रने कपाळाला हात लावला. पण सोपानराव उठून उभे राहिले आणि त्यांनी लोकांना समजावलं, "सिग्नल पडल्याबिगर गाडी सुटत न्हाई, हे दौंडकराला सांगाया लागतं व्हय? चला, भाईर या समदी. तारं हुडका." सगळा प्रेक्षकवर्ग अंगणात आला आणि माना वर करून उभा राहिला. एकाने तारा म्हणून दाखवला तो पाण्याच्या टाकीवरचा दिवा निघाला. दुसऱ्याने दाखवलेला यार्डातला सिग्नल होता, आणि तो दाखवणारा स्वतः सिग्नल खात्यातला असल्यामुळे त्याची बरीच बदनामी झाली. आठ वाजता ढग फाटले, दोन तारे दिसले. तिसरा अनसाबाईने कडुनिंबाच्या फांदीतून शोधून काढला. गार्डसाहेबांनी तो चष्मा पुसून दोनदा पाहिला, मग आत जाऊन बटण दाबलं. ऐंशी माणसांपैकी एकही घरी गेला नव्हता.

चित्रपट रंगला. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण दावीद मेंढरं राखतो आणि गोफणीने राक्षस मारतो, हे सांगावं लागलं नाही. पुढच्या रांगेत भैरूआप्पा बसले होते. जात धनगराची, चाळीस वर्षं मेंढरांमागे फिरून आता मुलाच्या उसात रमलेले. त्यांना दावीदाचं सगळं पसंत पडलं, फक्त गोफण सोडून. "अशी धरत्यात व्हय? धोंडा मागं जाऊन ह्याच्याच टकुऱ्यात बसंल. आन् मेंढका म्हंत्यात, तर घोंगडी कुठं हाय?" शेवटी गल्याथ पडला तेव्हा आप्पा म्हणाले, नेम बरा हाय, हाताखाली घेतला तर पोरगं तयार होईल.

गार्डसाहेबांचं मात्र दाराकडे लक्ष होतं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांतला एकच आला, तोही गल्याथ मेल्यानंतर. शिरूरचे निवृत्त कंपाउंडर राजपूरकर. एसटी वाटेत पंक्चर झाली होती. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. शिरूरमध्ये अकरा वर्षांत आपण कुणाला 'शालोम' म्हटलं नाही, असं राजपूरकर म्हणाले. गार्डसाहेबांचा हिशेब दोनवर आला.

दुसऱ्या कॅसेटचं नाव होतं 'वाळवंटातला चमत्कार'. मुंबईच्या एका मंडळाने ती पाठवली होती. गार्डसाहेबांना वाटलं, मोशे प्रेषिताची गोष्ट असणार, खडकातून पाणी वगैरे. प्रत्यक्षात खडकातून नाही, प्लास्टिकच्या नळीतून पाणी निघालं. तो ठिबक सिंचनावरचा माहितीपट होता. गार्डसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कॅसेट बंद करायला हात पुढे केला, तर मागून दहा जण ओरडले, "राहू द्या, राहू द्या. ती नळी किती इंची हाय इचारा." पुढचा पाऊण तास गार्डसाहेब टीव्हीशेजारी उभे राहून इंग्रजीचं मराठी करत होते आणि भोकांमधलं अंतर सांगत होते. आठवड्याने लोकाग्रहास्तव दुसरा खेळ झाला. त्याला शिरूरकडून चार टेम्पो आले. दोनशे शेतकरी अंगणात मावेनात, मग टीव्ही ओट्यावर काढला. यहुदी लोकांचा देव पाण्याच्या बाबतीत फार हुशार आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

त्या गर्दीत यवतचे दोघे भाऊ, नवगावकर, निघाले. राजपूरकरांनी आपला मेहुणा आणला. तरी पाचच. ऑगस्ट संपत आला तसे गार्डसाहेब जेवेनासे झाले. अनसाबाईने एकदा पिठलं आणून पुढ्यात ठेवलं आणि खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानराव रागानेच आले.

"आदी सांगायचं न्हाई व्हय? काकूच्या कामासाठी मानसं पायजेत, आन् तुम्ही आमाला मारामाऱ्या दावताय."

"मागणं बरं दिसत नाही, सोपानराव."

"तुम्ही नगा मागू. आमी मागतो."

त्यानंतर दोन तालुक्यांत यहुदी शोधण्याची जी मोहीम निघाली, तिला तोड नाही. खूण एकच ठरली, जो शनिवारची सुट्टी मागतो तो यहुदी. त्या खुणेवर साखर कारखान्यातला एक फिटर आणि सोलापूरहून बदलून आलेले दोन ड्रायव्हर मिळाले, अगदी अस्सल. पण सगळेच नेम बरोबर लागले नाहीत. मच्छिंद्रने स्टेशनजवळचा इराणी हॉटेलवाला धरून आणला. भैरूआप्पांनी तर नगरच्या बाजारातून अत्तरवाले एक बोहरी गृहस्थ टेम्पोत घालून आणले. "दाढी हाय, टोपी हाय, मानूस सभ्य हाय. आनखी काय पायजे?" आप्पांनी विचारलं. गार्डसाहेबांनी बोहरी गृहस्थांना चहा पाजला, माफी मागितली आणि परतीच्या एसटीत बसवून दिलं. जाताना ते अत्तराची एक कुपी ठेवून गेले.

अठरा सप्टेंबर उजाडला तेव्हा गार्डसाहेब धरून आठ होते. नववे म्हणून राजपूरकरांच्या ओळखीचे ऐंशी वर्षांचे मास्तर खुर्चीसकट उचलून आणले. दहावे भोनकर, कुरकुंभच्या एका कारखान्यातले केमिस्ट, चारला पोचतो म्हणाले होते. यहुदी दिवस सूर्य मावळला की संपतो. म्हणजे साडेसहाच्या आत कद्दीश व्हायला हवी होती.

दोन वाजता एस्तेर राणीचा चित्रपट लावला. गर्दी साठेक माणसांची होती आणि चित्रपटाकडे कुणी पाहत नव्हतं. सगळे दारावर आवाज झाला की मान वळवत होते. चार वाजले, साडेचार वाजले. पाचला एसटीडी बूथवरून निरोप आला. कारखान्यात भोनकरांची पाळी घेणारा माणूस आलाच नाही, आणि चालू रसायन सोडून त्यांना निघता येत नव्हतं. फोनवर ते रडत होते, असं बूथवाल्याने सांगितलं.

नऊ माणसं पुस्तकं हातात धरून बसली होती. गार्डसाहेबांनी टीव्ही बंद केला.

"आमी साठ जण हाय हितं," अनसाबाई म्हणाली. "साठातनं एक धरता येत न्हाई?"

"नाही, अनसाबाई. तुमच्या मायेत काही कमी नाही. पण तसं चालत नाही."

"न्हाई तर न्हाई," ती म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले.

सोपानराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. "गोव्याची गाडी आज टायमात हाय का?" त्यांनी एकदम विचारलं.

दौंडात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गोव्याहून दिल्लीला जाणारी गाडी दौंडात येते ती एका तोंडाने आणि जाते दुसऱ्या तोंडाने. पुढचं इंजिन काढून मागच्या टोकाला लावावं लागतं, त्यात वीस मिनिटं जातात. "गोव्याचं गोरं असत्यात त्यात, डब्बं भरून," सोपानराव म्हणाले. "एक बी तुमचा नसंल व्हय?"

नऊ यहुदी, खुर्चीतल्या मास्तरांसह, आणि मागे साठ दौंडकर, अशी ती मिरवणूक लाईन ओलांडून स्टेशनात शिरली. गाडी लागलेलीच होती, पाच पन्नासला. सोपानरावांनी सरळ उद्घोषणेची खोली गाठली. ड्यूटीवर तेजश्री होती, सोपानरावांच्या पुतण्याची बायको. तिने रजिस्टर पुढे केलं. हरवलेलं मूल, हरवलेलं सामान आणि गाडीला उशीर, एवढ्याच घोषणांना परवानगी होती.

"मानूस सापडत न्हाई," सोपानराव म्हणाले, "म्हंजी हरवलाच की. लिव्ह."

तेजश्रीने लिहिलं. मग तिला प्रश्न पडला, नेमकं बोलायचं काय? तिने चुलतसासऱ्यांकडे पाहिलं, त्यांनी गार्डसाहेबांकडे. काचेबाहेर इंजिन सुटून निघालं होतं. गार्डसाहेबांनी कोटाची बटणं लावली आणि माईक स्वतःकडे ओढला.

"मी इझिकेल झिराडकर, रिटायर्ड गार्ड, बोलतोय. या गाडीत कुणी यहुदी गृहस्थ असतील, तर त्यांनी मेहेरबानी करून पाच मिनिटं फलाटावर उतरावं. आमची ही मागच्या वर्षी गेली. तिच्यासाठी प्रार्थना म्हणायची आहे. त्याला दहा माणसं लागतात, आम्ही नऊ आहोत." ते थांबले. सगळ्या स्टेशनभर त्यांचा श्वास ऐकू आला. "मला एक माणूस पाहिजे," ते म्हणाले.

हेच त्यांनी हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत. फलाटावरचे वडेवाले ओरडायचे थांबले होते. खिडक्यांतून माणसं बाहेर पाहत होती. कुणी उतरलं नाही. पाच मिनिटं गेली, आठ गेली. इंजिन दुसऱ्या टोकाला लागल्याचा धक्का सगळ्या डब्यांतून गेला.

तेव्हा शेवटून तिसऱ्या डब्यातून एक तरुण खाली उतरला. पाय अनवाणी, अर्धी चड्डी, गळ्यात मण्यांच्या चार माळा, केसांचे दोर वळलेले. झोपेतून उठवल्यासारखा दिसत होता. तो घोळक्यासमोर आला, छातीवर हात ठेवला आणि त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या भाषेत म्हणाला की तो यहुदी आहे.

"हे?" मच्छिंद्र पुटपुटला.

"हाच," गार्डसाहेब म्हणाले.

पोराचं डोकं उघडं होतं, आणि प्रार्थनेला ते चालत नाही. भैरूआप्पांनी आपली पांढरी टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. ती केसांवर बसेना, म्हणून त्याने ती एका हाताने धरून ठेवली. दहा माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. समोर मालगाडीचे डबे होते आणि त्यांच्यावर सूर्य टेकायला आला होता. घाईघाईने एक स्तोत्र झालं आणि गार्डसाहेबांनी कद्दीश सुरू केली. आवाज पहिल्या ओळीला फुटला, मग लागला. पहिलं 'आमेन' दहा जणांनी म्हटलं. दुसरं साठ दौंडकरांनीही म्हटलं, कारण कधी म्हणायचं ते त्यांना तोवर कळलं होतं. गाडीचा गार्ड डब्यातून हे पाहत होता. त्याची वेळ झाली होती, पण शेवटचं 'आमेन' होईपर्यंत त्याने हिरवा बावटा काढला नाही.

गाडी हलली. पोरगा धावत जाऊन दाराला लटकला, टोपी तशीच डोक्यावर. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो बाहेर वाकून ओरडला, "नाम? उनका नाम क्या था?"

अडतीस वर्षांच्या संसारात गार्डसाहेबांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. घरात 'अगं', चारचौघांत 'आमची ही'. त्या वेळच्या माणसांची रीतच तशी. काकू गेल्यावरही ते नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, म्हणून या गोष्टीतही ते आतापर्यंत आलेलं नाही. ते डब्याबरोबर चार पावलं धावले, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, कोट सावरत.

"सिपोरा," ते मोठ्याने म्हणाले. "सिपोरा. सिपोरा."

दारातल्या पोराने ते नाव एकदा म्हणून पाहिलं, बरोबर म्हटलं आणि हात हलवला. गाडी भीमेच्या पुलाकडे निघून गेली. मग गार्डसाहेब फलाटावरच्या बाकड्यावर बसले आणि वर्षभराचं रडले. अनसाबाई शेजारी जाऊन बसली. तिने त्यांना गप्प केलं नाही.